जर-तरचा कागद

१४ ऑगस्ट २०२०, यवतमाळ

मला डायरी लिहायची सवय नाही, टिपणी लिहायची आहे. जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागात चौतीस वर्षं दुसऱ्यांच्या फायलींवर 'सादर' आणि 'मान्यतेस्तव' लिहिण्यात गेली. आता फाईल नाही आणि साहेबही नाही, म्हणून स्वतःलाच सादर.

आज दिवसभरात मी एकूण अकरा शब्द बोललो. मोजले. इंदुताई डबा फाटकाच्या खिळ्याला अडकवतात आणि रस्त्यावरूनच हाक मारतात. मी खिडकीतून म्हणतो, "ठेवा. कालचा रिकामा तिथंच आहे." हे पाच. उरलेले सहा दूधवाल्याला. आई होती तोवर घरात निदान भांडणाचे तरी शब्द व्हायचे. तिला जाऊन चार वर्षं झाली. लग्न केलं नाही, त्याची कारणं या फाईलचा भाग नाहीत.

बुद्धिबळ मंडळाची खोली मार्चपासून कुलपात आहे. किल्ली सचिव म्हणून माझ्याकडे, पण कुलूप उघडून मी एकटा तिथं काय करू? तेव्हा आज निर्णय घेतला. साठ वर्षांवरील खेळाडूंसाठी अखिल भारतीय ज्येष्ठ बुद्धिबळ अजिंक्यपद स्पर्धा, व्हॉट्सॲपवर. पूर्वी पोस्टकार्डावर खेळत तशी, सावकाश. आयोजक मी, पंच मी, आणि खेळाडूंमध्येही मी. यात गैर काही नाही, नियम सर्वांना सारखेच आहेत.

नियम चार. (अ) हरला तो बाद. (ब) बहात्तर तासांत चाल आली नाही तर बाद, सबब ऐकली जाणार नाही. (क) पाठवलेली चाल परत घेता येणार नाही, घेतल्यास बाद. (ड) जर-तर चालींना मुभा. म्हणजे 'तुम्ही जर घोडा मारला, तर मी हत्ती पुढे घेईन' असं आधीच कळवून ठेवता येतं. जुन्या पत्राच्या खेळातली रीत आहे, टपालाचे दिवस वाचायचे.

३० ऑगस्ट

सोळा नावं आली, नऊ राज्यांतून. जबलपूरचे श्रीवास्तव नावाचे निवृत्त रेल्वे गार्ड आहेत, त्रिशूरचे एक प्राध्यापक, बेळगावचे एक वकील. मी वही आखून घेतली. लाल शाई बादसाठी.

सोळावं नाव फुलसावंगीच्या पंजाबरावांचं. त्यांना मी एकदाच भेटलो आहे, १९८८ साली उमरखेडला, तालुक्याच्या खुल्या स्पर्धेत. आमच्यातला डाव त्यांच्या हातात होता. प्यादं उचलायला हात पुढे केला आणि सदऱ्याची बाही हत्तीला लागली. हात लावला की तो मोहरा खेळायचा, असा नियम आहे. मी पंचाला बोलावलं. त्यांना हत्ती हलवावा लागला आणि डाव गेला. मंडपातले लोक माझ्यावर चिडले. हा माणूस मात्र हसत उठला आणि मला चहा पाजायला घेऊन गेला. त्या चहाचं मला आजही समजलेलं नाही.

आज त्यांचा फोन आला. "नंदूभाऊ, वळखलं का? बाहीवाला. आता तं फोनवर खेळाचं हाय, बाही लागाची भानगडच नाही."

मी म्हणालो, नियम (क) वाचून घ्या.

"वाचला, बापा. तुमच्याच हातचा हाय, वळखू आला."

२६ सप्टेंबर

जबलपूरच्या श्रीवास्तवांची चाल बहात्तर तासांत आली नाही. एक तास जास्त थांबलो, मग लाल शाईने बाद केलं. मी पुढच्या फेरीत. आयुष्यभर गाडीच्या वेळा सांभाळलेला माणूस, आणि एक चाल वेळेवर पाठवता येत नाही. संध्याकाळी त्यांच्या नंबरवरून मुलाचा मेसेज आला, 'पापा अभी बात नहीं कर सकते।' बोलायला कोण सांगत होतं, चाल पाठवायची होती.

१९ डिसेंबर

आणखी तीन जण वेळेअभावी बाद. शिस्त कमी झाली आहे. दुसऱ्या फेरीत मी मात्र खेळून जिंकलो, त्रेचाळीस चालींत.

पंजाबरावांचा फोन रोज दुपारी एकला येतो. त्यांची चाल मेसेजने आलेली असतेच, फोनचं काही काम नसतं. तुरीच्या बांधावर भाकर खायला बसले की लावतात, कारण तिथं रेंज चांगली मिळते. "जेवले का, नंदूभाऊ? भाजी कायची हाय?" असं विचारतात. अंतिम फेरीचा उमेदवार पंचाला भाजी विचारतो हे नियमात बसतं की नाही, मी पाहिलं. मनाई कुठे नाही. हल्ली मीही डबा एकलाच उघडतो, एरवी साडेबाराला उघडायचो.

त्यांनी त्रिशूरच्या प्राध्यापकांना हरवलं, तेही जर-तर चाली पाठवून. सहा चाली पुढच्या आधीच लिहून दिल्या आणि प्राध्यापक बरोब्बर त्याच वाटेने चालत गेले. मी विचारलं, हे जमतं कसं?

"पट पाहूनच राह्यत नाही मी. समोरच्या मानसाच्या डोक्यात जाऊन बसतो. तो कायले भेतो, काय पाह्यलं का त्याचा हात जाते, हे पाहाचं. मंग त्याच्या चाली आपल्यालेच सुचते."

"माझ्या सुचतात?"

"तुमच्या तं १९८८ पासून पाठ हायेत," म्हणाले आणि त्यांना ठसका लागला, भाकरीचा.

२ मार्च २०२१

अंतिम सामना: नंदकिशोर, यवतमाळ, विरुद्ध पंजाबराव, फुलसावंगी, तालुका महागाव. बेळगावच्या वकिलांनी लिहिलं की अखिल भारतीय स्पर्धेचे दोन्ही अंतिम खेळाडू एकाच जिल्ह्यातले कसे? मी त्यांना सर्व डावांची चालनिहाय नोंद पाठवली, सत्तावीस पानं. उत्तर आलं नाही. उपांत्य फेरीतही माझा प्रतिस्पर्धी वेळेत आला नाही, हे त्या नोंदीत स्पष्ट आहेच.

हा डाव मला जिंकायचा आहे. इथं खरं लिहायला हरकत नाही. माझ्या नावावर आजवर दोन तालुका उपविजेतेपदं आणि एक पितळी समई आहे.

२८ मार्च

पंजाबराव चांगले खेळतायत, पण मी एका प्याद्याने पुढे आहे. आज एकला फोनवर म्हणाले, "तुमी मले दाबून राह्यले."

म्हटलं, रडू नका.

"रडून नाही राह्यलो. बरं वाटून राह्यलं. घरी बायको पुसते, रोज कोनाशी बोलता एवढं? सांगितलं, हाय एक सायेब, मले हरवून राह्यला."

मग विमलवहिनींना फोन द्यायला निघाले. मी घाईने ठेवून दिला. बायकांशी काय बोलायचं मला कळत नाही.

शहरात पुन्हा सगळं बंद झालं आहे. समोरच्या घरासमोर बांबू बांधलेत. इंदुताई आता हाकही मारत नाहीत, दुरूनच घंटी वाजवतात.

१५ एप्रिल

काल सकाळी सातला मी चाल पाठवली. अजून उत्तर नाही. काल फोन आला नाही, आजही नाही. लावून पाहिला, बंद. एकला डबा उघडला आणि पाच मिनिटं तसाच ठेवला. मग जेवलो. पातोडीची भाजी होती, विचारलं असतं तर सांगितली असती.

१६ एप्रिल

नाही म्हणजे नाही. सलगी वाढली की माणूस नियम हलके घेतो. हे माझंच चुकलं. दुपारी दोनला पाठवलं: 'अंतिम सूचना. सदर खेळाडूची चाल दि. १७ रोजी सकाळी सात वाजेपर्यंत प्राप्त न झाल्यास त्यांस स्पर्धेतून बाद करण्यात येईल व याबाबत कोणताही पत्रव्यवहार केला जाणार नाही. सचिव.'

पाठवल्यावर जरा जास्त झालं असं वाटलं. पण श्रीवास्तवांना एक न्याय आणि यांना दुसरा, असं करता येत नाही.

१७ एप्रिल

सात वाजायला दहा मिनिटं कमी असताना चाल आली. फक्त चाल. 'उंट डी-३ जी.' वर काही नाही, खाली काही नाही. सूचनेचा राग आलेला दिसतो. येऊ दे. मी एकपर्यंत वाट पाहिली, फोन आला नाही.

२३ एप्रिल

आता त्यांच्या चाली सकाळी येतात, सातच्या आत. बुधवारी आली नाही, काल आली. माझी चाल पोचली की दुसऱ्या सकाळी उत्तर तयार. विचार करतायत की नाही कोण जाणे. फोन लावला तर वाजून वाजून थांबतो. मेसेज केला, 'काहून बोलत नाही? तब्येत बरी आहे ना?' दुसऱ्या दिवशी आलं: 'घोडा एफ-५ जी.'

हा 'जी' मला टोचतो. ते मला आजवर कधी 'जी' म्हणाले नव्हते. ठीक आहे. मीही आता मुद्दाम एक दिवस सोडून चाल पाठवतो.

२८ एप्रिल

मला फार एकटं वाटतं आहे. टिपणीत असं लिहीत नाहीत, पण दुसरं काय लिहू? चौसष्ट वर्षांचा माणूस एका सूचनेवरून रुसलेल्या माणसाची खिडकीत बसून वाट पाहतो. चूक माझी असेल तर त्यांनी शिवी द्यावी. निदान आवाज ऐकू येईल.

२ मे

आज काहीतरी विचित्र आलं. पंजाबरावांनी त्यांचा वजीर माझ्या वजिरासमोर आणून ठेवला आहे. मी सरळ वजिराने वजीर मारायचा, आणि मग त्यांच्याकडे काही उरत नाही, डाव माझा. इतका सरळ वजीर कोणी देत नाही. १९८८ पासून माझ्या चाली पाठ असलेला माणूस तर नाहीच नाही. यात सापळा आहे, आणि ही त्या सूचनेची वसुली आहे.

दोन दिवस पट समोर घेऊन बसलो. सापळा सापडला नाही. म्हणजे तो फारच खोल असणार.

४ मे

सकाळी आठला वजीर न मारता राजा एका घराने सरकवला. शांत चाल. आता करा काय करायचं ते.

६ मे

चाल नाही. अंतिम सूचना पाठवली. मजकूर तोच, तारीख बदलली.

७ मे

आज दुपारी एकला फोन वाजला. पंजाबरावांचं नाव दिसलं. मी डबा बाजूला सारला आणि ठरवलं की आवाज कडक ठेवायचा. म्हणालो, "सापडली का सवड?"

पलीकडे बाई होती. "भाऊ, मी विमल बोलतो, फुलसावंगीवरून. तुमची नोटीस आली. पन तुमी राजा सरकवला. कागदावर तसं लिहेल नाही."

"कसला कागद? पंजाबरावांना द्या."

 ती म्हणाली, "त्याईले जाऊन आज सोळा दिवस झाले, भाऊ."

 पुढचं तिने सावकाश सांगितलं. ते मी जसंच्या तसं लिहून ठेवतो, कारण मला दुसरं काही करता येत नाही.

अकरा तारखेला त्यांना ताप भरला. कापसाच्या खोलीत वेगळी बाज टाकली, पट सोबत घेऊन गेले. तीन दिवस मला एकचा फोन तिथूनच लावत, आणि एरवी पडल्या पडल्या कॅलेंडरच्या पानामागे लिहीत होते. चौदाला नांदेडला नेलं, तेव्हा गाडीत बसताना तिच्या हातात तो कागद आणि फोन दिला. म्हणाले, माझी चाल थांबली तं तो सचिव मले बाद करते, आन् बसते मंग एकटाच. तू पाठवत जाजो. समोरून हे आलं का हे पाठवाचं.

"तुमची पयली नोटीस आली तवा ते ऑक्सिजनवर होते," ती म्हणाली. "मले इंग्रजी अक्षरं येत नाही, कागदावरचं पाहून पाहून केलं. रातभर भेव लागलं का चुकते का काय. खाली 'जी' लिवलं, सायेबाले पाठवाचं म्हून."

मी विचारलं, मला का नाही सांगितलं?

"सांगितलं असतं तं तुमी खेळ बंद केला असता. त्याईचा खेळ चालू होता, तवर मले वाटे का ते हायेत. फोन उचलाची म्हून हिंमत नाही झाली. आता कागद मांगं-पुढं पाह्यला, राजाचं काहीच नाही. तीन दिवस पाह्यलं."

आठ चाली. मी आठ चाली खेळलो, दोन-दोन दिवस डोकं खाजवून, आणि त्या आठही तापाने फणफणलेल्या माणसाने आधीच लिहून ठेवल्या होत्या. माझ्या आईलाही मी इतका ठाऊक नव्हतो. आणि मी त्यांना तारखा बदलून सूचना पाठवत होतो. मला माझी लाज वाटली, अजून वाटते आहे.

मी विचारलं, "वहिनी, शेवटी काय लिहिलं आहे?"

"एकच वळ लिहेल राह्यली. वजिरानं वजीर मारला तर."

"मग मी राजा परत घेतला. राजा नाही सरकवला, वजीर मारला. वाचा."

"परत घेता येते? ते तं म्हनत, तुमी बाही लागली तरी सोडत नाही."

"घेतो. तुम्ही वाचा."

तिने वाचलं. शाळेत वाचतात तसं, शब्द तोडून. "वजीर मारला तर मी हारलो. नंदूभाऊ जिंकला. विमल, त्याले फोन लावजो आन् जिंकला म्हून सांगजो. त्याच्या घरी सांगाले कोनी नाही."

मग ती म्हणाली, "तुमी जिंकले, भाऊ."

  फोन तसाच चालू राहिला. तिच्याकडे कोंबड्यांचा आवाज येत होता. थोड्या वेळाने तिने विचारलं, "आता तो पट आवरू का? त्या दिवशी मांडून गेले तसाच हाय. झाडतानाही मी हात नाही लावला. हात लावला का खेळा लागते म्हनत. मले तं खेळता येत नाही."

मी म्हणालो, "लावा हात, वहिनी. तसं काही नसतं."

८ मे

माझ्या पटावरच्या आठही चाली एकेक करून मागे घेतल्या, चौदा तारखेच्या सकाळी होता तसा डाव केला. तो पाहत बराच वेळ बसलो. मग आवरला.

निकाल सर्व खेळाडूंना पाठवला: 'अंतिम सामन्यात सचिवाने पाठवलेली चाल परत घेतली. नियम (क) अन्वये सचिव बाद. अखिल भारतीय ज्येष्ठ अजिंक्यपद: कै. पंजाबराव, मु. पो. फुलसावंगी.' जिंकल्याचं मला कोणीतरी सांगितलं आहे, तेवढं पुरे.

मग वही उघडून लाल शाईची नावं काढली. सकाळी जबलपूरला फोन लावला. मुलाने उचलला. सचिव बोलतोय म्हटल्यावर तो एवढंच म्हणाला, "पापा आपकी चाल का जवाब सोच रहे थे।" सप्टेंबरमध्येच गेले. मी माफी मागितली. माझ्या हिंदीत ती नीट मागता आली की नाही, ठाऊक नाही. अजून चार नंबर आहेत. आज एकच झाला.

९ मे

दुपारी एकला डबा उघडला आणि फोन वाजला. फुलसावंगी.

"जेवले का, भाऊ?" विमलवहिनींनी विचारलं.

माझ्या मनात पहिलं तेच आलं. म्हटलं, "वहिनी, हेही त्यांनी लिहून ठेवलं होतं का?"

"नाही जी. कागद तं परवाच सरला," ती म्हणाली. "हा मीच लावला. भाजी कायची हाय?"

मी झाकण काढून पाहिलं आणि सांगितलं, वांग्याची.